रोज तेच, आठवड्यातून बारा वेळा



सुरुवात एका कबुलीनं करतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी लंडनहून जवळजवळ पाच वर्षं पत्रं लिहिली, आणि त्यांतली निम्मी खोटी होती. १९५५ च्या सप्टेंबरात बॅलार्ड पिअरवर मला पोचवायला गुरुजी नगरहून मुद्दाम आले होते. बोटीच्या शिडीपाशी त्यांनी एकच सांगितलं, "वीज शिकायला चाललायस, ती शीकच. पण तिथलं नाटक बघ, आणि बघितलंस की कळव." मी शब्द दिला. पुढे दर महिन्याला ओल्ड व्हिकमधल्या शेक्सपिअरवर त्यांना दोन पानं जात राहिली. ती मी वर्तमानपत्रातली परीक्षणं वाचून लिहीत असे.

आता गंमत अशी, की संध्याकाळी सहा ते अकरा मी खरोखरच एका नाट्यगृहात असायचो. फक्त तिथे हॅम्लेट नव्हता. तिथे कुत्री दोन पायांवर चालायची, एक बाई दातांत दोर धरून छताला लटकायची, आणि फुलाफुलांच्या कापडाचा सूट घातलेला साठीचा माणूस बायकांना लाज वाटेल असं बोलून त्यांनाच हसवायचा. हे गुरुजींना लिहायचं कसं? त्यांनी तमाशाच्या कनातीकडेसुद्धा कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. म्हणून ती पत्रं लिहायची राहिली. नव्वदीला टेकलोय, आज ती वाचून दाखवतो असं समजा.

व्हरायटी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आपल्या तमाशात गण, गवळण, बतावणी आणि मग वग असा क्रम असतो. व्हरायटीतून वग काढून टाकलाय आणि उरलेल्या वेळात नुसत्या बतावण्याच लावल्यात, असं समजा. कथा नाही, नायक नाही. आठ-दहा कलाकार किंवा जोड्या, प्रत्येकाला आठ, दहा, फार तर बारा मिनिटं. सर्वांत मोठ्या नावाला शेवटाकडे थोडी जास्त. आधी नाचणाऱ्या पोरी, मग एक छोटा विनोदवीर, मग चेंडू झेलणारा किंवा कसरतवाले, मग गाणारी बाई, मध्यंतर, पुन्हा पोरी, आणि असं करत करत जाहिरातीवर ज्याचं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात ठळक छापलंय तो. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना उजेडाचे आकडे लावलेली पाटी असे. पाच नंबर पेटला की प्रेक्षक हातातल्या कागदावर पाचवं नाव बघायचा. जाहिरातीत अगदी तळाला, बारीक टाइपात ज्यांची नावं असत त्यांना धंद्यातले लोक 'वाइन्स अँड स्पिरिट्स' म्हणायचे, कारण त्यांच्याच खाली नाट्यगृहातल्या दारूच्या दुकानाची जाहिरात असे.

रोज दोन खेळ. पहिला साधारण सव्वासहाला, दुसरा साडेआठच्या सुमाराला. सोमवार ते शनिवार. म्हणजे आठवड्यातून बारा वेळा तेच. हा बाराचा आकडा कृपा करून लक्षात ठेवा, माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवती आहे.

मी तिथे पोचलो तो जेवणामुळे. लंडनच्या दक्षिणेला ब्रिक्स्टन भागात मला खोली मिळाली. हा भाग तेव्हा व्हरायटीच्या मंडळींच्या बिऱ्हाडांसाठी प्रसिद्ध होता. शहराच्या मध्यवस्तीतून तिथे रात्री उशिरापर्यंत ट्राम-बस मिळे, म्हणून या लोकांनी तो पूर्वीपासून धरला होता. जाता जाता सांगतो, त्याच १९५५ साली, त्याच भागात टॉम मेजर-बॉल नावाचे एक निवृत्त व्हरायटी कलाकार कुटुंबासह राहायला आले. मधल्या काळात त्यांनी बागेत ठेवायच्या शोभेच्या मूर्तींचा व्यवसाय केला होता. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. तो पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला, जॉन मेजर. त्यांनी वडिलांच्या धंद्यावर म्हातारपणी एक जाडजूड पुस्तकही लिहिलं. तो मुलगा मी रस्त्यात पाहिला असेन, नसेनही. तेव्हा कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

आमच्या घरमालकीणबाई तरुणपणी कोरसमध्ये नाचायच्या. त्यांच्या घराचा दंडक उलटा होता. सभ्य लोक सातला जेवतात म्हणून बाकीच्या घरांत सातला जेवण. इथे रात्री साडेअकराला, कारण दुसरा खेळ संपवून मंडळी तेव्हा यायची. मी दिवसा कॉलेज करून यायचो आणि भुकेनं कळवळत साडेअकराची वाट बघायचो. शेवटी बाईंनाच दया आली. त्यांच्या खालच्या खोलीत एका थिएटरचा मुख्य विजतंत्री राहायचा, त्याला त्या म्हणाल्या, "हा पोरगा वीज शिकतोय आणि उपाशी बसतोय. घेऊन जा ह्याला, निदान वेळ तरी जाईल." त्या थिएटरचं नाव मी घेणार नाही. शेवटी शेवटी त्याच्या मालकाबद्दल थोडं वाकडं बोलायचंय.

मला काम मिळालं ते 'लाइम्स'चं. पूर्वी चुन्याचा खडा तापवून त्याचा झोत कलाकारावर सोडत. चुना जाऊन कार्बनच्या काड्या आल्या त्याला जमाना झाला, तरी नाव लाइम्सच राहिलं. दिव्यालाही लाइम्स आणि तो चालवणाऱ्यालाही लाइम्स. सर्वांत वरच्या गॅलरीच्या मागे एक कोंदट खोली, त्यात दोन दिवे. दिव्याच्या पोटात दोन कार्बनच्या काड्या टोकाला टोक ठेवून पेटवायच्या. त्या जळत जातात तसतसं अंतर हातानं सारखं करायचं, नाहीतर झोत निळा पडतो, फुरफुरतो, आणि एखाद्या गाणाऱ्या बाईचा चेहरा तीन दिवसांच्या प्रेतासारखा दिसतो. उन्हाळ्यात आम्ही बनियनवर काम करायचो. नाकात काजळी बसायची. पुढे रंगीत जिलेटिन सरकवायचं. बायकांसाठी एक फिकट जांभळट गुलाबी रंग असे, त्याला 'सरप्राइज पिंक' म्हणत. तो लावला की कोणाचंही वय दहा वर्षांनी कमी होई. काही बायका सोमवारी सकाळी आल्या आल्या बँडमास्तरच्या आधी आमच्याकडे वर येत, त्या या रंगासाठी.

सोमवार सकाळ हा व्हरायटीचा खरा नाट्यप्रयोग. रविवारचा सगळा दिवस कलाकार आगगाडीत असत. एका गावातून सामान उचलायचं, दुसऱ्या गावात टाकायचं. क्रू नावाच्या जंक्शनवर रविवारी दुपारी अर्धा धंदा फलाटावर एकमेकांना भेटत असे, इतक्या गाड्या तिथे बदलाव्या लागत. सोमवारी सकाळी बँडची तालीम. तिचा नियम साधा आणि निर्दय होता. जो आधी आला त्यानं आपल्या स्वरलिपीच्या वह्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवायच्या, आणि त्याच क्रमानं तालीम. मोठं नाव असो की तळाचं, वही आधी ठेवली त्याचा नंबर आधी. त्यात पुन्हा दोन गाणाऱ्यांनी एकच गाणं आणलं असेल, तर ज्याची वही आधी, गाणं त्याचं. दुसऱ्यानं आठवडाभर दुसरं काहीतरी गायचं. त्यामुळे पहाटे थंडीत थिएटरच्या मागच्या दाराशी उभे राहणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या वह्यांची पानं घामानं आणि बिअरनं पिवळी झालेली, शिवण उसवलेली, कडेला दहा बँडमास्तरांनी दहा प्रकारच्या पेन्सिलींनी केलेल्या खुणा. एका वहीत एक माणूस वीस वर्षं जगलेला असे.

वीस वर्षं, कारण नंबर बदलत नसे. हे मला पहिल्या महिन्यात अजिबात पचलं नाही. सोमवारी पहिल्या खेळाला मी पोट धरून हसलो. मंगळवारी त्याच जागी त्याच माणसानं तेच वाक्य टाकलं आणि लोक तसेच हसले, तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. बुधवारपर्यंत मला सगळं पाठ. गुरुवारी मी आमच्या मुख्य विजतंत्र्याला म्हणालो, "हे लोक नवीन काही करत का नाहीत?" त्यानं काडी सारखी करता करता उत्तर दिलं, "ज्या दिवशी ह्यांना नवीन करावं लागेल त्या दिवशी आपण दोघं घरी." तेव्हा ते मला आळशी माणसाचं उत्तर वाटलं. तीन वर्षांत ते खरं झालं.

गणित सोपं होतं. देशभर शेकडो थिएटरं नसली तरी वर्षभर पुरतील एवढी होती. मॉस एम्पायर्स नावाच्या कंपनीची मोठी साखळी, शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीची. दर आठवड्याला गाव बदललं की प्रेक्षक नवा. पुन्हा त्या गावात यायला वर्ष जायचं, दोन वर्षं जायची. मग बारा मिनिटांचा एक नंबर आयुष्यभर पुरायचा. तो आयुष्यभर पुरायचा म्हणून तो आयुष्यभर घासला जायचा. मी तो माळ्यावरून आठवड्यातून बारा वेळा पाहायचो. चौथ्या-पाचव्या खेळानंतर विनोद ऐकू येईनासा होतो आणि कारागिरी दिसायला लागते. मंगळवारच्या पहिल्या खेळाला अर्धं थिएटर रिकामं, माणसं दमलेली. तिथे तेच वाक्य तो किंचित सावकाश टाकतो. शनिवारी दुसऱ्या खेळाला सगळे पिऊन आलेले, तिथे तेच वाक्य हसू संपायच्या आत अंगावर येतं. शब्द एक, जागा एक, आणि तरी बारा खेळ बारा वेगळे. कीर्तनकाराचा पूर्वरंग ऐकून ऐकून पाठ असला तरी आपली आजी पुन्हा जाऊन पहिल्या ओळीत बसायची, ते का, हे मला ब्रिक्स्टनला कळलं.

याचं टोक म्हणजे विल्सन, केपल आणि बेटी. जॅक विल्सन लिव्हरपूलचा, जो केपल आयर्लंडातल्या कॉर्कचा. दोघे सुकलेल्या काटक्या. लांब झुपकेदार मिशा, डोक्यावर टोपी, अंगात इजिप्शियन म्हणावा असा आखूड झगा, खाली उघडे पाय. बरोबर एक देखणी बाई, बेटी. लुइजिनीच्या 'बॅले इजिप्शियन'चा सूर सुरू व्हायचा. हे दोघे रंगमंचावर वाळू पसरायचे आणि पिरॅमिडच्या भिंतीवरच्या चित्रांसारखे एका बाजूनं तोंड करून, हात काटकोनात मोडून, त्या वाळूवर पाय घासत नाचायचे. चेहऱ्यावर रेषा हलायची नाही. पहिल्या महायुद्धानंतर दोघं एकत्र आले, विसाच्या दशकात बेटी आली, आणि १९६२ च्या सुमाराला थांबले. मधे चाळीस-एक वर्षं. सांगतात की युद्धापूर्वी बर्लिनला त्यांचा खेळ झाला तेव्हा त्यांचे उघडे पाय पाहून नाझी प्रचारमंत्री गोबेल्स संतापला होता. त्या पायांनी राष्ट्राचं नीतिधैर्य खचेल असं वाटणारा माणूस किती घाबरट असला पाहिजे!

पहिली बेटी, बेटी नॉक्स, १९४१ मध्ये नाच सोडून पत्रकार झाली. युद्धावर गेली आणि पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यांची वार्तापत्रं तिनं पाठवली. वाळूवरून थेट न्यूरेंबर्गला. तिच्यानंतर आणखी कितीतरी बेटी झाल्या. बाई बदलायची, नाव बेटीच. मी पाहिली ती नंतरची एक. पण मला आठवतो तो आवाज. थिएटरातली दोन हजार माणसं गप्प झाली की वाळूवर बुटांचे तळवे घासल्याचा खर्र-खर्र आवाज तालात वर येई. बँडपेक्षा तो आवाज पक्का होता. शुक्रवारी मी डोळे मिटून तो नुसता ऐकला, आणि झोत केपलच्या जागी पडद्यावर गेला. मला बोलणी बसली. ती रास्त होती. नंबर संपला की एक पोरगा झाडू घेऊन येई आणि वाळू गोळा करी. ते झाडणंही लोक बघत बसत.

आता मॅक्स मिलर. खरं नाव टॉमस सार्जंट, ब्रायटनचा. पहिल्या महायुद्धात ससेक्स रेजिमेंटमधून तो हिंदुस्थानात आला होता आणि तिथून मेसोपोटेमियाला गेला. तिकडे त्याची दृष्टी काही दिवस गेली होती. धंद्यात तो कवडीचुंबक म्हणून बदनाम होता, कोणाला एक पेग पाजायचा नाही म्हणत. पण आंधळ्यांसाठी त्यानं आयुष्यभर काम केलं, ते मात्र गाजावाजा न करता. माणसं अशीच असतात, एका बाजूनं बघून चालत नाही.

त्याचं येणं मला अजून दिसतं. रंगमंच काही क्षण रिकामा. बँडवर त्याच्या डेअरीवाल्या मेरीच्या गाण्याचा सूर. झोत विंगेपाशी धरून ठेवायचा, तो येईपर्यंत हलवायचा नाही. ही त्याची सूचना असे, आणि ती तो सोमवारी स्वतः सांगायचा. मग तो येई. डोक्यावर पांढरी हॅट, अंगात झगझगीत फुलाफुलांचं रेशीम, गुडघ्यांशी बांधलेली फुगीर विजार, दोन रंगांचे बूट. खिशातून दोन वह्या काढी, एक पांढरी, एक निळी. पांढरीत सोज्ज्वळ विनोद, निळीत चावट. कुठली वाचू, असं तो लोकांना विचारी. गॅलरी ओरडायची, "निळी!" चर्चला जाणारी, डोक्याला रुमाल बांधलेली बायाबापडी सगळ्यात मोठ्यानं ओरडायची.

आणि आता कारागिरी बघा. निळ्या वहीत चावट असं काही नसेच. यमक असे. दोन ओळी झाल्या, तिसरी झाली, चौथ्या ओळीचा शेवटचा शब्द काय येणार ते सगळ्या थिएटरला कळलेलं. तिथे तो थांबायचा. शब्द उच्चारायचा नाही. तो शब्द लोकांच्या डोक्यात फुटायचा, हसू उसळायचं, आणि मग तो दुखावल्यासारखा चेहरा करून लोकांनाच रागवायचा, की तुमच्यासारख्यांमुळे माझं नाव खराब होतं. मधेच मान वळवून विंगेकडे चोरून बघायचा, जणू मॅनेजर तिथे उभा राहून ऐकतोय. विंगेत कोणी नसे. मला वरून दिसायचं. बाराही वेळा तिथे कोणी नव्हतं, आणि बाराही वेळा मला वाटलं, असेल.

१९५० च्या रॉयल व्हरायटी खेळात, राजघराण्यासमोर, त्याला सहा मिनिटं दिली होती. अमेरिकेहून आलेल्या जॅक बेनीला त्याहून कितीतरी जास्त. मिलरनं सहाची बारा केली. मॉस एम्पायर्सचा सर्वेसर्वा व्हॅल पार्नेल खवळला, आणि साखळीतल्या सगळ्या थिएटरांची दारं मिलरला बंद झाली. दीड वर्षानं त्यांनीच बोलावून घेतलं, कारण तिकीटबारीला राग परवडत नाही. आमच्या बाई हा किस्सा सांगताना दरवेळी सहाची बारा, मग बाराची पंधरा, मग वीस करायच्या. मी खरा आकडा बाराच धरतो.

आता या धंद्याची काळी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही नुसती गोड आठवण होईल. काळ्याकुट्ट रंगानं तोंड माखून गाणारे गोरे गायक तेव्हाही फिरत होते. जी. एच. एलियट त्यांतला सर्वांत नावाजलेला, पांढऱ्या सूटमधला. पायांत काय हलकेपणा होता त्याच्या! आणि त्याला जाहिरातीत जे विशेषण लावत ते मी या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. फेटा बांधून हिंदू योगी झालेले लँकेशायरचे जादूगार मी पाहिले. अशा एकावर झोत टाकत मी वर उभा होतो, खरा तपकिरी. खालच्या खोट्या तपकिरीला अंबर लावू की गुलाबी, असं मुख्य विजतंत्र्यानं विचारलं आणि मग स्वतःच ओशाळला. मी अंबर लावलं. राग आला का, असं मला नातीनं विचारलं. त्या वेळी आला नाही. घरी जाताना बसमध्ये आला.

खरा भारतीय जादूगार त्या देशाला दिसला तो दूरदर्शनवर. ९ एप्रिल १९५६. बीबीसीच्या 'पॅनोरमा'मध्ये पी. सी. सरकार यांनी एका मुलीला करवतीनं मधोमध कापलं. नंतर ती उठेना. सरकार तिचे हात चोळतायत, ती हलत नाही, आणि निवेदक रिचर्ड डिम्बल्बींनी कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. बीबीसीचे फोन तुंबले. आमच्या घरात रात्री साडेअकराच्या जेवणाला सगळे माझ्याकडे बघत होते, जणू मुलगी माझ्या गावची. बाईंनी बटाटे वाढता वाढता हळूच विचारलं, "ती बरी आहे ना रे?" दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत सगळीकडे तेच. सरकारांचा ड्यूक ऑफ यॉर्क्समधला मुक्काम तेव्हाच सुरू होत होता, आणि त्याची जाहिरात याहून चांगली कुठलीही पैसे देऊन झाली नसती. मला विचाराल तर वेळ चुकली नव्हती. वेळ साधली होती.

आता तुमच्या गावची गोष्ट, जी सांगायला मला गुरुजींच्या नगरात उभं राहायला मिळालं याचा आनंद आहे. इथे, आपल्या नगरात, १६ एप्रिल १९१८ ला एका तोफखान्यातल्या आयरिश सैनिकाच्या घरी मुलगा झाला. बापाला नाच-गाण्याचा आणि सैनिकांसमोर नकला करण्याचा नाद. मुलाचं बालपण पुण्यात आणि मग रंगूनला गेलं. त्याचं नाव स्पाइक मिलिगन. युद्धानंतर तो एका विनोदी वाद्यत्रिकुटातून व्हरायटीत आला. १९५१ ला बीबीसी रेडिओवर त्याचा 'गून शो' सुरू झाला, आणि इंग्लंडचा विनोद पूर्वीसारखा राहिला नाही. त्या कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन पात्रं यायची. आवाज मिलिगनचा आणि पीटर सेलर्सचा. ते बोलायला लागले की आमच्या घरातले सगळे हसायचे आणि मला विचारायचे, तुमच्याकडे असंच बोलतात का? मी म्हणायचो, असंच नाही, पण हा माणूस कुठेतरी आपल्या कँपात वाढलेला आहे. तो नगरचा हे मला तेव्हा माहीत नव्हतं. असतं तर गुरुजींना निदान एक तरी खरं पत्र गेलं असतं.

तसं एक खरं पत्र गेलं होतं. १९५७ च्या एप्रिलमध्ये रॉयल कोर्ट थिएटरमध्ये जॉन ऑस्बर्नचं 'द एन्टरटेनर' लागलं. लॉरेन्स ऑलिव्हिएनं त्यात आर्ची राइस केला, पडेल व्हरायटी विनोदवीर. आमचा मुख्य विजतंत्रीही माझ्याबरोबर आला. बाहेर पडताना तो म्हणाला, "वाईट विनोदवीर एवढा चांगला वाईट नसतो." मी मात्र रात्री बसून गुरुजींना आठ पानं लिहिली. मेकअपखालचा घाम, विंगेकडे टाकलेली नजर, रिकाम्या खुर्च्यांपुढे हसू ओढणं, सगळं. महिन्यानं गुरुजींचं उत्तर आलं, दोन ओळींचं. "या पत्राला प्रथमच वास आहे. हा आर्ची तुला इतका जवळून कसा ठाऊक?" मी उत्तरात हवापाणी लिहिलं.

तोपर्यंत शेवट सुरू झाला होता. सप्टेंबर १९५५ ला, म्हणजे मी उतरलो त्याच महिन्यात, आयटीव्ही सुरू झालं, आणि पहिल्याच रविवारी 'संडे नाइट अ‍ॅट द लंडन पॅलेडियम'. सूत्रधार टॉमी ट्रिंडर. लोकांना घरबसल्या, फुकट, सर्वांत मोठी नावं. वीस वर्षं घासलेला बारा मिनिटांचा नंबर एका रात्रीत लाखोंनी पाहिला. सोमवारी तोच माणूस आमच्याकडे आला, तोच नंबर घेऊन, तर गॅलरीतून आवाज, "काल बघितलं!" मला आठवतंय, त्यानं ऐकलं, थांबला, आणि मग पुढचं वाक्य टाकलं. दुसरं होतंच कुठे?

दूरदर्शनला रोज नवं लागतं. ज्यांनी रोज नवं लिहून घेतलं ते तगले. मोरकम आणि वाइज यांची १९५४ ची पहिली मालिका इतकी पडली की एका वर्तमानपत्रानं टीव्हीच्या पेटीला त्यांची शवपेटी म्हटलं. एरिक मोरकमनं ते कात्रण म्हणे पाकिटात ठेवून दिलं. दोघे परत व्हरायटीत गेले, तयारी करून आले, आणि मग तीच पेटी त्यांनी जिंकली. मॅक्स वॉलसारखे काही काळ अंधारात गेले आणि म्हातारपणी बेकेटच्या नाटकांत उजळले. बाकीच्यांची नावं तुम्हाला माहीत नाहीत. मलाही आता सगळी आठवत नाहीत.

थिएटरांचं तर विचारू नका. शेफर्ड्स बुशचं एम्पायर १९५३ मध्येच बीबीसीनं स्टुडिओ केलं होतं. वुड ग्रीन आणि हॅकनीची एम्पायर्स नव्या वाहिनीच्या कंपनीकडे गेली. ज्यानं घर जाळलं त्यानंच ते भाड्यानं घेतलं. मालकांनी प्रेक्षक परत आणायला दोन उपाय केले. एक, उघड्या बायका. कायद्यानं त्यांनी हलायचं नाही, पुतळ्यासारखं उभं राहायचं. त्यांच्यावर झोत धरताना आमच्या मुख्य विजतंत्र्याचं तोंड आंबट व्हायचं, नीतीमुळे नव्हे, "हलत नाही त्यावर लाइम्स कशाला?" म्हणून. दुसरा उपाय, गिटारवाली पोरं. ती आली की दोन तास किंकाळ्या. जुने विनोदवीर त्यांच्या मधे दहा मिनिटं उभे राहायचे आणि त्यांचं बोलणं कोणाला ऐकू जायचं नाही. १९५७ मध्ये सरकारनं नाट्यगृहांवरचा करमणूक कर काढला. धंद्यानं तो काढा म्हणून चाळीस वर्षं डोकं फोडलं होतं. काढला तेव्हा वाचवायला फारसं उरलं नव्हतं. १९५८ मध्ये इझलिंग्टनचं कॉलिन्स जळालं, १९५९ ला चिझिक एम्पायर बंद झालं, १९६० ला फिन्सबरी पार्क.

आमचं कधी गेलं ते सांगत नाही. शनिवारी दुसऱ्या खेळानंतर 'गॉड सेव्ह द क्वीन' झालं, लोक उभे राहिले, बसले, आणि बराच वेळ उठले नाहीत. मालक आधीच गाडीत बसून गेला होता. शेवटच्या आठवड्याचा पगार सोमवारी देतो म्हणाला होता. तो सोमवार अजून यायचाय. मुख्य विजतंत्र्यानं दोन्ही दिवे थंड होऊ दिले, पुसले, आणि त्यांच्यावर चादर घातली, उद्या यायचंच असल्यासारखी.

एजवेअर रोडवरचं मेट्रोपॉलिटन त्यानंतरही काही वर्षं तगलं. तिथे १९५७ च्या नोव्हेंबरात मॅक्स मिलरच्या खेळाची रेकॉर्ड झाली, आणि त्या रात्री मी तिकीट काढून गॅलरीत बसलो होतो. दिव्याशिवाय, रिकाम्या हातांनी. १९६३ मध्ये ते थिएटर बंद झालं, आणि रस्त्यासाठी पाडलं गेलं. रस्ता शेवटी थोड्या अंतरावरून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात मिलर गेला.

ती रेकॉर्ड माझ्याकडे आहे. मागच्या दिवाळीत नातीनं ती फोनवर शोधून लावली. तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं, तरी निम्मं कळलं नाही. ब्रायटनचे हेल, जुने शब्द. एका जागी मिलर बोलता बोलता थांबतो. काही सेकंद काहीच नाही. आणि मग थिएटर फुटल्यासारखं हसू. त्यात माझंही आहे, पण कुठलं ते मला ओळखू येत नाही.

नात म्हणाली, "आजोबा, तो तर काहीच बोलला नाही. मग हसले कशाला सगळे?"

मी म्हटलं, "विंगेकडे बघितलं असणार त्यानं."

"कोण होतं तिथे?"